हंडीला शेपूट फुटतं तेव्हा

काकूंनी ती वस्तू माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा तिच्या पाठीवर कुंकू होतं. ओलसर, त्याच सकाळच्या पूजेचं.

"हे कासव. तुझ्या काकांनी कोबेहून आणलेलं, अठ्ठ्याहत्तर साली, बोटीवर होते तेव्हा. आल्यापासून देवघरात आहे. आता धाकटीला न्यू जर्सीला पाठवायचंय, तर ती म्हणते, आई, आधी कुणाला तरी दाखव, हस्तिदंत-बिंत निघालं तर एअरपोर्टवर धरतील. तू जपानी शिकवतोस ना? मग बघ जरा."

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या माणसाकडे अशा वस्तू येतच असतात. बाहुल्या येतात, पंखे येतात, कपबशीच्या बुडाचे शिक्के वाचायला येतात. बहुतेकांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. या लिंबाएवढ्या कासवाने मात्र मला दोन महिने कामाला लावलं. काकूंचे प्रश्न दोनच होते: हे कशाचं आहे, आणि पाठवता येईल का. त्यांची उत्तरं शोधताना तिसराच प्रश्न मधे आला, तो जास्त अवघड निघाला, म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवतोय.

कासवाला कान

लांबी चार सेंटीमीटरला किंचित कमी. रंग काकवीसारखा, खोबणींमध्ये जवळजवळ काळा. गोल पाठ, पुढे डोकं, खाली चार पंजे, मागे शेपूट. लांबून बघितलं तर कासवच. पण डोक्यावर दोन गोल कान होते, आणि कासवाला कान कुठून येणार? शेपूट झुबकेदार होतं, वळून पोटाला चिकटलेलं, आणि त्यावरचा केस न् केस वेगळा कोरलेला. त्या केसांच्या रेघांत वर्षानुवर्षांचं कुंकू जाऊन बसलं होतं, त्यामुळे शेपूट जरा तांबूस दिसत होतं.

खरी गंमत पाठीवर होती. कासवाच्या पाठीवर ठोकळ्याठोकळ्यांची नक्षी असते, ती इथे नव्हती. पाठीच्या मधोमध गोल झाकण, झाकणावर बोंड. काकू रोज त्याच बोंडाला कुंकू लावत होत्या. पाठीभोवती मधल्या उंचीवर एक पसरट काठ फिरला होता आणि दोन बाजूंना कडी अडकवण्याचे कान होते. हे चागामा. जपानी चहासाठी पाणी उकळायचं लोखंडी भांडं. किटली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोटी येते, चागामाला तोटी नसते, पाणी बांबूच्या पळीने काढतात. म्हणून मी त्याला हंडी म्हणतो.

"काकू, हे कासव नाही. ही चहाची हंडी आहे. आणि तिच्यातून जनावर बाहेर येतंय."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी चहाच्या भांड्याला हळदकुंकू वाहतेय?"

झीज आहे, पण भलत्याच जागी

पोटाच्या बाजूला दोन भोकं होती. त्या भोकांवरूनच वस्तूची जात कळते. हे नेत्सुके. निदान नेत्सुकेच्या रूपातली वस्तू.

किमोनोला खिसा नसतो. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांत, जपानी पुरुष तंबाखूची पिशवी, पैशांची चंची, औषधांची कप्प्याकप्प्यांची इन्रो नावाची डबी असं सगळं दोरीने कमरेला लटकवत. दोरी कमरपट्ट्याच्या, म्हणजे ओबीच्या, खालून वर काढायची आणि वरच्या टोकाला एक बोंड बांधायचं, म्हणजे ओझ्याने दोरी निसटत नाही. ते बोंड म्हणजे नेत्सुके. दोरीवर मधे एक सरकता मणी असतो, ओजिमे, तो पिशवीचं तोंड आवळायला. दोरी ओवायची भोकं ती हिमोतोशी. काम इतकंच. सुरुवातीला लाकडाचा नुसता तुकडासुद्धा चालत असणार. पण व्यापाऱ्यांकडे पैसा आला होता आणि थाटमाट करायला सरकारी बंदी होती, तेव्हा हौस छोट्या वस्तूंत उतरली. १७८१ साली ओसाकात इनाबा त्सुर्यू नावाच्या तलवारीच्या साजाच्या व्यापाऱ्याने सात भागांचं एक पुस्तक छापलं. विषय तलवारीचे अलंकार, पण शेवटच्या भागात त्याने पन्नासहून अधिक नेत्सुके कोरणाऱ्यांची नावं दिली. बटणं करणाऱ्यांची अशी यादी आणखी कुठे निघाली असेल, मला माहीत नाही.

आधी काकूंचा पहिला प्रश्न. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. भिंगाखाली ती दिसली नाही. दिसल्या त्या लाकडाच्या समांतर रेषा, फार बारीक आणि दाट. राळेची ओतीव नक्कल असती तर कुठेतरी साच्याची शिवण किंवा हवेचा बुडबुडा सापडला असता, तोही नाही. गरम सुई टोचून बघा असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून टोचू नका. हे बॉक्सवुड, जपानीत त्सुगे. याच झाडाचे कंगवे करतात आणि शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, सोंगट्या करतात. लाकूड इतकं घट्ट की केसाएवढी रेघ ओढली तरी कड तुटत नाही. कोरून झाल्यावर तोकुसा नावाच्या खरखरीत लव्हाळ्याने घासायचं, मग मुकू झाडाच्या पानांनी, मग रंग. हा रंग साधारणपणे एका झाडाच्या वाळक्या फळांच्या काढ्याचा असतो. खोबणीत तो साठून राहतो आणि उंचवट्यांवरून पुढे आयुष्यभर निघत जातो.

हा शेवटचा मुद्दा तपासाला उपयोगी पडला. ओबीवर वर्षानुवर्षं टेकलेल्या नेत्सुकेचा कपड्याला लागणारा भाग गुळगुळीत झालेला असतो. भोकांच्या कडा दोरीने घासून गोल झालेल्या असतात. दोन भोकांपैकी एक बहुधा मोठं असतं, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. काकूंच्या हंडीची दोन्ही भोकं सारखी होती आणि कडा आजही बोटाला जाणवतील इतक्या धारदार. पोटाला झीज शून्य. वस्तू झिजली होती ती फक्त एका जागी, झाकणाच्या बोंडावर. तिथला रंग पार उडून आतलं पिवळं लाकूड दिसत होतं. ते काकूंच्या अनामिकेचं काम.

थोडक्यात, ही हंडी कुणाच्याही कमरेला कधी लटकली नाही. दोरी तिला शिवलेली नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी कोरलेली, १८६८ नंतरची, बहुधा बरीच नंतरची. पण कोरणाऱ्याचा हात कच्चा नव्हता. शेपटाचे केस बघितल्यावर ते मला मान्य करावंच लागलं.

शंभराला एक कमी

आता तो तिसरा प्रश्न. अशा हंडीला विक्रेत्यांच्या सूचीत सर्रास एक लेबल लागतं: त्सुकुमोगामी, म्हणजे आत्मा आलेली जुनी वस्तू. ते लेबल खरं का, हा प्रश्न. मीही काकूंना आधी तसंच सांगून टाकलं. मग मूळ कथा पुन्हा वाचायला घेतली आणि खजील झालो.

आधी तो शब्दच बघण्यासारखा आहे. त्सुकुमो म्हणजे नव्व्याण्णव. गामी म्हणजे केस, आणि उच्चार तोच ठेवून देव किंवा आत्माही. एका जुन्या कवितेत नव्व्याण्णव केसांची म्हातारी येते, शंभराला एक कमी. शंभर या चित्राक्षरातली वरची आडवी रेघ म्हणजे एक. ती रेघ काढून टाकली की जे अक्षर उरतं त्याचा अर्थ पांढरा. शंभरातून एक गेला, पांढरं उरलं; म्हणून नव्व्याण्णव म्हणजे पांढरे केस. आपल्याकडच्या पंतकवींनी हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

मुरोमाची काळातल्या, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकांतल्या, एका चित्रकथेत या नव्व्याण्णवाची भीती सांगितली आहे. भांडी, अवजारं, हत्यारं शंभर वर्षांची झाली की त्यांच्यात आत्मा येतो आणि ती माणसांना छळू लागतात. म्हणून वर्षाअखेरीच्या साफसफाईत लोक जुनी वस्तू शंभरी गाठायच्या आतच घराबाहेर फेकतात. म्हणजे नव्व्याण्णवाव्या वर्षी. घरमालकाचं हे शहाणपण कुणालाही ओळखीचं वाटेल. ज्याला पेन्शन द्यावी लागेल त्याला आदल्या वर्षी कामावरून काढायचं.

तर क्योतोच्या गल्लीत फेकलेल्या या वस्तू जमतात आणि सभा भरते. तक्रार एकच: इतकी वर्षं घरासाठी राबलो, बक्षीस काय मिळालं, तर रस्त्यात पडून बैल-घोड्यांच्या लाथा. सूड घ्यायचा ठराव होतो. सभेत एक जपमाळ असते, इचिरेन तिचं नाव, म्हणजे एक सर. ती म्हणते, हे आपल्या कर्माचं फळ, वैराला वैराने उत्तर देऊ नका. यावर आरातारो नावाचं एक दांडकं उठतं आणि माळेला मरेस्तोवर बडवतं. माळेचे मणी कसेबसे जीव वाचवून पळतात. मग कुणी जुन्या ग्रंथांचा जाणकार म्हणवणारा पुढे येतो आणि तोड सुचवतो. सेत्सुबुनच्या रात्री, हिवाळा संपून वसंत लागताना, यिन आणि यांग ही दोन विरुद्ध तत्त्वं जागा बदलतात. त्या संधीला आपण स्वतःला सृष्टिकर्त्याच्या हवाली करू, म्हणजे तो आपल्याला नवं रूप देईल.

तसंच होतं. कुणी राक्षस होतं, कुणी बाई, कुणी कोल्हा. फुनाओका टेकडीमागे त्यांची वस्ती बसते. शहरातून माणसं नि जनावरं पळवून खाणं, जुगार, दारू, कविता करणं, सगळं चालतं. आणि मग त्यांना वाटतं, आपलं एवढं चांगलं चाललंय, तर आपलाही एखादा देव हवा. ज्याने आपल्याला हे रूप दिलं त्याच्या नावाने ते देऊळ बांधतात, पुजारी नेमतात आणि रात्री पालखी काढतात. हा भाग मला फार आवडतो. आत्मा आला की पहिल्यांदा भूक लागते आणि पाठोपाठ उत्सव समिती स्थापन होते.

पालखी ज्या रस्त्याने चाललेली असते त्याच रस्त्याने दरबारातला सर्वांत मोठा अधिकारी येत असतो. त्याच्या अंगावरच्या ताईतातून ज्वाळा निघतात आणि भुतांची पांगापांग होते. पुढे मंत्रबळाने देवबालक पाठवले जातात, वस्तू हार मानतात, केस उतरवून शिंगोन या बौद्ध पंथाच्या भिक्षू होतात. आणि गुरू कोणाला करायचं? डोंगरात तप करत बसलेल्या त्या जपमाळेला.

"म्हणजे जिला मारलं तिनंच शेवटी सगळ्यांना मार्गी लावलं म्हण," काकू म्हणाल्या. अगदी बरोबर. कथा सांगणाऱ्यांचा हेतूही तोच होता: निर्जीव वस्तूलाही बुद्धत्व मिळू शकतं, आणि ते आमच्याच पंथाच्या वाटेने मिळतं. भुताची गोष्ट म्हणून आपण जी वाचतो ती त्या काळची धर्मप्रचाराची पुस्तिका आहे.

"आपणही खंडेनवमीला अवजारं पूजतो की," काकूंनी लगेच जोडून दिलं. "लक्ष्मीपूजनाला केरसुणी पूजतो. पाय लागला तर नमस्कार करतो." करतो खरं. पण आपली ती पूजा कामावर असलेल्या केरसुणीची असते, तीही नव्या कोऱ्या. झिजलेली केरसुणी कुठे जाते हे आपण विचारत नाही. जपानी कथेचा जीव नेमका तिथे आहे, वस्तू दाराबाहेर गेल्यानंतर. त्या धाग्याचं एक टोक आजही दिसतं. तोक्योत ८ फेब्रुवारीला मोडलेल्या शिवणसुया देवळात नेऊन तोफूच्या मऊ वडीत खोचतात. आयुष्यभर जाडजूड कापडातून गेल्या, शेवटी तरी मऊ जागा मिळावी. हे सांगितलं तेव्हा काकूंनी शिवणाच्या मशीनकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत.

एदो काळ येईपर्यंत मात्र या भुतांची भीती उरली नव्हती, ती गमतीची झाली होती. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७८४ साली भुतांचं एक चित्रपुस्तक काढलं, त्यात अशा वस्तूंची जत्राच आहे. झाडूचा देव आहे, चिनीमातीच्या भांड्यांचा सेनापती आहे, म्हातारी झालेली वीणा आहे. नेत्सुके कोरणारे याच शहरी, थट्टेखोर जगात वावरत होते. कमरेला भूत लटकवून हिंडणारा दुकानदार भुताला भिणारा नसणार.

जनावर की भांडं

पण काकूंच्या हंडीतून डोकं काढणारं जनावर या कथेतलं नाही. ते तानुकी. कुत्र्याच्या कुळातलं, डोळ्यांभोवती काळी झाक असलेलं आणि रूप बदलण्यात पटाईत मानलेलं. मराठीत त्याला शब्द नाही. इंग्रजीत त्याला सर्रास बिज्जू करून टाकतात, ते चूक.

गोष्ट बुनबुकू चागामाची. घरोघरी सांगतात ती अशी: एक गरीब माणूस सापळ्यातल्या तानुकीला सोडवतो. तानुकी परतफेड म्हणून हंडी बनतो आणि म्हणतो, मला वीक. माणूस हंडी देवळात विकतो. भिक्षू तिला चुलीवर चढवतो. चटका बसताच हंडीला डोकं फुटतं, पाय फुटतात, शेपूट फुटतं, आणि ती ओरडत पळत सुटते. पुरती जनावर होऊ शकत नाही, पुरती हंडीही राहत नाही. शेवटी ती त्याच गरीब माणसाबरोबर डोंबाऱ्याचा खेळ लावते, हंडीसकट दोरीवर चालते, आणि तो श्रीमंत होतो.

देवळाची आवृत्ती वेगळी आहे. गुन्मा प्रांतात तातेबायाशी गावी मोरिनजी नावाचं झेन मंदिर आहे, १४२६ सालचं. तिथे शुकाकू नावाचा भिक्षू पिढ्यान्पिढ्या राहत होता, म्हातारा होतच नव्हता. १५७० साली मोठा मेळावा भरला तेव्हा त्याने एक हंडी आणली, ज्यातलं पाणी कितीही काढलं तरी संपेना. पुढे एकदा गाढ झोपेत असताना त्याचं शेपूट कुणाला तरी दिसलं. बिंग फुटल्यावर त्याने सांगितलं की आपण हजारो वर्षं जगलोय, भारतातून चीनमार्गे इथवर आलोय. जाताना मायेने भिक्षूंना गृध्रकूट टेकडीवर प्रवचन करणारा बुद्ध दाखवला, म्हणतात. हंडी देवळात आजही जपून ठेवली आहे आणि आत जायच्या वाटेवर दोन्हीकडे तानुकींचे पुतळे उभे आहेत.

काकूंच्या कानावर यातलं एकच वाक्य टिकलं. "भारतातून आलेला? मग माझं कुंकू वाया गेलं नाही."

पण बघा, दोन्ही आवृत्त्यांत प्रवास उलटा आहे. त्सुकुमोगामीत वस्तू म्हातारी होऊन जिवंत होते. इथे जिवंत प्राणी वस्तू झालाय किंवा वस्तूमागे लपलाय. हंडीचं वय शून्य आहे, तिला फेकलेलं नाही, तिची तक्रार नाही. तिला चटका बसतो इतकंच. नेत्सुकेतला लोकप्रिय भुताळी कंदीलही असाच चुकीच्या खात्यात पडतो. फाटक्या कागदातून डोकावणारा तो चेहरा बहुधा ओइवाचा असतो, १८२५ साली एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रंगभूमीवर आलेल्या नाटकातली, नवऱ्याने दगा दिलेली, विषाने विद्रूप झालेली बायको. कंदिलाचा स्वतःचा आत्मा त्यात नाही, एका बाईचा आहे. एका पायाची, एका डोळ्याची छत्री तेवढी खरी जुनी वस्तू वाटते, पण तिलाही गावोगावच्या कथांत फारसं ठाण नाही. ती चित्रांत, मुलांच्या खेळाच्या पत्त्यांत आणि रंगमंचावर वाढलेली.

म्हणून माझा निष्कर्ष: काकूंची हंडी त्सुकुमोगामी नाही. विक्रेते ते लेबल लावतात, कारण तो शब्द खपतो.

मग कोरणाऱ्यांना ही हंडीच इतकी का आवडली? याचं उत्तर मला कथेत सापडलं नाही, दोरीत सापडलं. नेत्सुकेला टोकदार काही चालत नाही. बाहेर आलेला पाय तुटतो, नाहीतर रेशमात अडकून कपडा फाडतो. म्हणून सगळे प्राणी अंग चोरून बसवावे लागतात. झोपलेला बैल, वेटोळं घातलेला साप, पाय पोटाशी घेतलेला ससा. बाकी प्राण्यांना गोळा व्हायला कोरणाऱ्याला कारण शोधावं लागतं. हंडीतल्या तानुकीला कारण शोधावं लागत नाही, तो अर्धा अजून आतच आहे. डोकं किंचित बाहेर, पंजे काठाला चिकटलेले, शेपूट पोटावर. कथेतला नेमका तो क्षण, चटका बसल्यानंतरचा, आणि कमरेला लटकण्याची गरज, दोन्हींना एकच आकार लागतो. काकूंच्या हंडीत तर शेपटाने पोटावर टाकलेला विळखा एका भोकाच्या अगदी शेजारून गेलाय. दोरी आली असती तर ती शेपटाखाली लपली असती. ज्याने ती कधी ओबीवर बघितलीही नसेल, त्याच्या हाताने जुनी शिस्त पाळली होती.

बोंडांची टोपली

१८७१ साली सरकारने शेंडीसारखा जुना केशबंध सोडायला आणि तलवार न बाळगायला परवानगी दिली, १८७६ साली तलवार बाळगायला बंदीच केली. शहरातले पुरुष कोट-पँट घालू लागले. कोटाला खिसे. लांब नळीची चिलीम जाऊन सिगारेट आली, म्हणजे तंबाखूची पिशवी गेली, म्हणजे दोरी गेली, म्हणजे बोंड गेलं. दोनशे वर्षं घासून गोल झालेल्या त्या वस्तू एका पिढीत घराबाहेर पडल्या. गल्लीत फेकल्या नाहीत, योकोहामा आणि कोबेच्या दुकानांत विकल्या गेल्या, आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर युरोपात त्यांचं वेडच लागलं. वेड लागल्यावर नवी घडणावळ सुरू झाली. न वापरायच्या नेत्सुकेंची, धारदार कडांच्या भोकांची. काकूंची हंडी त्याच वंशातली.

यातल्या एका संग्रहाची हकीकत इथे सांगायलाच हवी. पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी नावाच्या धनाढ्य कलासंग्राहकाने १८७० च्या दशकात २६४ नेत्सुके एकगठ्ठा घेतली. पुढे ती लग्नाचा आहेर म्हणून व्हिएन्नातल्या चुलतभावाकडे गेली. १९३८ साली नाझींनी त्या ज्यू कुटुंबाचा वाडा लुटला. घराण्यात सांगतात ते असं की त्यांच्या जुन्या मोलकरणीने एकेक दोनदोन करत ती सगळी स्वतःच्या ॲप्रनच्या खिशातून बाहेर काढली आणि गादीत लपवली. युद्धानंतर ती परत मिळाली आणि पुढे काही काळ तोक्योत जाऊन राहिली. खिसा नाही म्हणून जन्मलेली वस्तू, खिशाने मारलेली, आणि खिशानेच वाचलेली.

त्सुकुमोगामी शोधायचाच असेल तर मी तो इथे शोधेन. कोरलेल्या विषयात नको, कोरलेल्या बोंडात. घरासाठी राबलं, नव्व्याण्णवाला बाहेर काढलं, आणि बाहेर पडल्यावरच त्याला नाव, दालन, किंमत, चाहते मिळाले. क्योतोत मिबू भागातल्या एका जुन्या सामुराई घरात २००७ पासून फक्त नेत्सुकेचं संग्रहालय आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजघराण्यातल्या ताकामादो दांपत्याने जमवलेली आधुनिक नेत्सुके मांडलेली आहेत. आजचे कलाकारही दोरीची भोकं पाडतात, कारण भोकं नसतील तर ते नेत्सुके होत नाही.

पाठवायचं की नाही

काकूंचा दुसरा प्रश्न राहिला होता, आणि गंमत म्हणजे तिथेही शंभरच आडवा आला. हस्तिदंताचं असतं तर अमेरिकेच्या कायद्यात जुन्या वस्तूला सूट मिळते ती शंभर वर्षं पूर्ण असल्याचं सिद्ध केल्यावर. ब्रिटनचा २०१८ चा कायदाही काही सुटींचा विचार करताना १९१८ च्या आधीचं का असं विचारतो, म्हणजे तिथूनही शंभरच. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा बरोबर उलटा. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एका सीमेवर शंभरी भरलेलीच हवी, दुसऱ्या सीमेवर भरलेली नको.

आपली वस्तू लाकडाची, त्यामुळे हस्तिदंताचा प्रश्न मिटला. वयाचा उरला. माझ्या मते ती शंभरीच्या आतली असावी, पण माझं मत म्हणजे दाखला नव्हे. तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागेल, असं मी काकूंना सांगितलं. अर्ज, फोटो, हेलपाटे.

"म्हणजे ती शंभराची नाही हे सरकारला पटवायचं."

"हो."

"आणि समजा, निघाली शंभराची?"

"मग इथेच राहील."

काकूंनी हंडी उचलून ओल्या फडक्याने बोंड पुसलं. नंतर आत गेल्या. मला वाटलं देवघरात ठेवायला गेल्या. आल्या त्या एक जुना खणाचा बटवा घेऊन, त्यांच्या आईचा, नऊवारीच्या कमरेला खोचायचा. बटव्याच्या दोरीला कधीकाळी गोंडा असणार, आता नुसती टोकं लोंबत होती.

"दाखव कशी अडकवायची ती."

भोकं बारीक होती, दोरी जाडी. सुईत दोरा ओवायला घेतात तसं टोक थुंकी लावून वळलं, आणि तिसऱ्या प्रयत्नाला ते आत शिरलं. गाठ लपायला जागा नव्हती, ती बाहेरच राहिली, शेपटाखाली अर्धी झाकलेली. काकूंनी दोरी कमरेच्या परकराच्या नाडीखालून वर काढली, हंडी नाडीवर बसवली आणि बटवा सोडून दिला. किल्ल्यांच्या वजनाने तो झटकन खाली गेला. दोरीला हिसका बसला, हंडी कमरेवर घट्ट टेकली, आणि तिथेच राहिली.

"टोचते रे जरा," काकू म्हणाल्या.

भोकांच्या कडा. अजून नव्या आहेत त्या.